पाहुण्यांसाठी राखलेला हापसा

मला नोकरी लागली तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उदगीरच्या दुकानात गादीवर बसल्या बसल्या विचारलं होतं, "म्हणजे तू स्वतः काही काम करायचं न्हाई. दुसऱ्यानं केलेलं काम बघून यायचं. असंच ना?" मी जरा तोऱ्यात म्हटलं, नुसतं बघायचं नाही अप्पा, मूल्यमापन करायचं. सरकारी योजनेचा लोकांना खरोखर उपयोग झाला का, ते तपासायचं. अप्पा भुसार मालाचे व्यापारी. मूठभर ज्वारी हातावर घेऊन फुंकर मारली की त्यांचं मूल्यमापन संपायचं. ते हसले आणि म्हणाले, "मग हात पोत्याच्या तळापर्यंत घालत जा. वरची ज्वारी सगळेच चांगली ठिवतेत."

नांदेडच्या आमच्या कचेरीत तळापर्यंत हात घालायचं सोडा, पोतं उघडायचीही पद्धत नव्हती. कामाची शिस्त मात्र डोळे दिपवणारी होती. तपासायची गावं कुणाच्या मर्जीनं निवडली जाऊ नयेत म्हणून आकड्यांचा एक भलामोठा तक्ता होता. साहेब डोळे मिटून त्यावर पेन्सिल टेकवत आणि त्यावरून गावं निघत. हा विधी झाला की ड्रायव्हरला बोलावलं जाई. ज्या गावाला जीप जात नाही असं तो सांगे, ते गाव 'अपरिहार्य कारणास्तव' वगळून त्याच्याऐवजी सडकेवरचं गाव घेतलं जाई. माझ्या सगळ्या नोकरीत आडरानातल्या एकाही गावाचं भाग्य उजळलं नाही. सरकारच्या योजना डांबरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कशा फळाला आल्या, एवढंच आम्ही वर कळवत राहिलो.

त्यामुळे सडकेवरची ठरावीक गावं तपासून तपासून तयार झाली होती. जीप थांबली की पारावरचा माणूस बसूनच विचारायचा, "या वक्ताला कशाचं हाय? गोबर गॅसचं का कोंबड्याचं?" आपण योजना सांगितली की तो त्या योजनेची माणसं बोलावून आणायचा आणि माणसं त्या योजनेची उत्तरं द्यायची. आमच्यातल्या नवख्यांपेक्षा त्यांनाच पुढचा प्रश्न आधी ठाऊक असे.

आणखी एक नियम होता आणि तो करणाऱ्याला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं असणार. आपल्या जिल्ह्याचं काम आपण तपासायचं नाही. लातूर तेव्हा उस्मानाबादेतून फुटून नवा जिल्हा झाला होता. बऱ्याच पाट्यांवर जुनं नाव खरवडून नवं लिहिलेलं होतं, कचेऱ्या भाड्याच्या जागेत होत्या आणि खुर्च्यांवरून दोन खात्यांची भांडणं चालू होती. तर नांदेडच्या माणसांनी लातूरची कामं तपासायची आणि लातूरच्या माणसांनी नांदेडची, असं ठरलं. हेतू असा की कुणी कुणाची भीड धरू नये. प्रत्यक्षात त्याची सोयरीक झाली. तुम्ही आमच्या पोरीला नावं ठेवू नका, आम्ही तुमच्या पोराला ठेवत नाही. आमची तुकडी लातूरकडे निघाली की त्याच आठवड्यात त्यांची तुकडी आमच्या जिल्ह्यातल्या बिलोलीकडे निघालेली असे, आणि रोज संध्याकाळी विश्रामगृहावरून एकमेकांना फोन होत. आमचे साहेब फोनवर फार गोड बोलत.

त्या वर्षी दुष्काळ होता. पिकं गेली होतीच, मग विहिरी गेल्या, मग माणसं जायला लागली. सरकारनं गावोगाव बोअर पाडून हापसे बसवले होते. त्या हापशांचं मूल्यमापन आमच्याकडे आलं. एरवी आमचे अहवाल कपाटात जाऊन झोपत, पण या वेळी आमच्या कागदाला दात होते. ज्या गावात हापसा चालू, त्या गावाला टँकर नाही, असा हुकूम होता. हापसा चालू की बंद, हे ठरवणार आम्ही. म्हणजे आमच्या एका होय-नाहीवर गावाला पाणी मिळणार किंवा मिळणार नव्हतं.

तुकडी म्हणजे साहेब, मी आणि ड्रायव्हर. लातूर जिल्ह्यातल्या मुरूडच्या अलीकडचं सडकेला लागून असलेलं एक गाव होतं. अर्थात पेन्सिलीनं नव्हे, ड्रायव्हरनं निवडलेलं. आम्ही पोचलो तर हापशाला तोरण. हँडलला हळदकुंकू, पायाशी नारळ, बाजूला हलगीवाला. शाळेतल्या खुर्च्या आणून त्यांवर टॉवेल अंथरलेले. सरपंच धोतराचा सोगा सावरत पुढं आले. खायला चुरमुऱ्यांचा सुशीला, वर शेव, मग चहा. दुष्काळात त्या चहाला दूध कुठून आणलं असेल कोण जाणे. साहेबांनी दोनदा घेतला.

तपासणी अशी असे. ठरलेल्या हिसक्यांत बादली भरली की हापसा चालू. साहेबांनी हँडल धरलं, चार हिसके मारले आणि पाण्याची जाड धार बादलीत पडली. बादली भरली. दुसरीही भरली. हलगी वाजली. पाणी पिण्यायोग्य आहे काय, असा पुढचा प्रश्न होता. तो सोडवायला साहेबांनी पेला माझ्याकडे दिला. त्यांचं स्वतःचं पाणी थर्मासमध्ये होतं. मी प्यायले. पाणी चांगलं होतं. साहेबांनी 'होय' लिहिलं आणि सरपंचांच्या पाठीवर थाप मारली. सरपंचांचा चेहरा असा फुलला, जणू त्यांनीच स्वतः जमिनीतून धार काढली होती.

मला लघवीला जायचं होतं. बाई माणसाची ही अडचण आमच्या खात्याच्या कुठल्याच दौऱ्यात धरलेली नसे. मी गल्लीत शिरले आणि एका दारातल्या बाईला विचारलं. साठीकडे झुकलेली, कोरडी पडलेली बाई. गल्लीतले सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणायला लागले. तिनं मला परसात नेलं. हात धुवायला मात्र तांब्यात तळाशी उरलेलं दोन घोट पाणी दिलं आणि ओशाळून म्हणाली, "एवढंच हाय माय. रागावू नका."

मी म्हटलं, अहो, हापशाला एवढं पाणी आहे.

"आज हाय," मावशी म्हणाली. "काल सकाळधरनं हात लावू दिला न्हाई कुणाला. साहेब येणार म्हून सरपंचांनी हापसा राखून ठिवलाय. एरवी सकाळी दहा-बारा घागरी देतंय आन मग नुसती हवा. दिवसभर ऱ्हाऊ दिलं की साचतंय थोडं. तुमाला दिसावं म्हून साचवलंय."

आत तिची लेक बाळंतपणाला आलेली होती. बाजेवर बाळंतीण, कुशीत पाचवी नुकतीच झालेलं मूल. हापसा पाहुण्यांसाठी राखलेला, म्हणून मावशी कालपासून पार शिवेच्या पलीकडच्या एका मळ्यातून पाणी आणत होती. मळेवाला एका खेपेच्या वर भरू देत नव्हता. ती खेप पिण्यात आणि भाकरीत गेली होती. बाळंतिणीला आणि बाळाला काल न्हाऊ घातलेलं नव्हतं. आज घालायचं तर कशानं, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. तो आमच्या प्रश्नावलीत नव्हता.

"टँकर येईल का ओ बाई?" तिनं विचारलं. "सरपंच म्हणतेत, साहेब खूश झाले की समदं मिळतंय."

तेव्हा मला कळलं की या गावानं काय करून ठेवलंय. मावशीनं सांगितलं, मागं कधीतरी एका पाहणीत हे गाव चकाचक दिसलं होतं आणि त्यांना शाळेची एक खोली मंजूर झाली होती. तेव्हापासून सरपंचांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की जीपमधून आलेल्या माणसाला घरातलं उत्तमातलं उत्तम दाखवायचं. मुलगी बघायला पाहुणे यायचे असले की फाटका पडदा कुणी पुढं लावत नाही, तसं. बिचाऱ्यांनी तहान सोसून, बायकांना रानोमाळ हिंडवून, आपल्याच टँकरवर पाणी सोडलं होतं. आणि ज्याच्यासाठी हे केलं, तो माणूस टॉवेलवर बसून शेव खात होता.

मी परत आले आणि साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि घड्याळ पाहिलं.

"बाई, आपण पाणी डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही तर प्यायलात."

मी म्हटलं, साहेब, ते साठवलेलं होतं.

"सगळं पाणी साठवलेलंच असतं. धरणात काय असतं?"

असल्या माणसाशी काय बोलायचं? पण सूचना-पुस्तिकेत एक ओळ होती, जी कुणी कधी वाचत नसे: पाणी भरण्याच्या वेळी प्रत्यक्ष निरीक्षण करावे. ती मी त्यांना वाचून दाखवली आणि म्हटलं, मी आज इथंच राहते, सकाळी पाणी भरण्याच्या वेळी निरीक्षण करते. साहेब म्हणाले, बाई माणूस असा खेड्यात मुक्कामाला राहिला तर वर काय सांगू? मी म्हटलं, पुस्तिकेचं पान सांगा. पुस्तिकेला साहेब घाबरत, कारण त्यांच्यावरच्या साहेबांकडेही तीच होती. "बसा मग निरीक्षण करत," असं म्हणून ते लातूरच्या विश्रामगृहाकडे गेले. जाताना सरपंचांना एवढं सांगून गेले की उद्या सकाळी पुन्हा तपासणी आहे. हे सांगायची काहीही गरज नव्हती. पण गावाला आगाऊ सूचना द्यावी, असंही पुस्तिकेत होतं.

जीप वळली तशी सरपंचांनी हँडलला साखळी घालून कुलूप ठोकलं. मी त्यांना परोपरीनं समजावलं, अहो, हापसा कोरडा दिसला तर टँकर येईल, पाणी दिसलं तर येणार नाही. उलटं आहे हे. ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिले.

"बाई, तुमी नव्या हाव," ते म्हणाले. "साहेब घरी आल्यावर कोरडं भांडं दाखवायचं? गावाची काही इज्जत हाय का न्हाई?"

मला त्यांचा राग आला, पण तो धरता येईना. त्या माणसानं दुसरी कुठली भाषा सरकारकडून ऐकलेलीच नव्हती.

मी मावशीच्या घरी जेवले. भाकरी आणि मिरचीचा ठेचा. पाणी मागायची मला लाज वाटली, आणि मावशीनं ते न मागता दिलं याची जास्त लाज वाटली. बाळ रडायला लागलं की बाळंतीण त्याला ओल्या फडक्यानं पुसायची आणि मावशी तिला दटावायची, फडकं पुन्हा भिजवू नको म्हणून. मी जे मला ठाऊक होतं ते त्या दोघींना सांगितलं, टँकरचा हुकूम काय आहे तो. यापलीकडे काही सांगितलं नाही. मावशीनं ऐकलं आणि शेजारणीकडे गेली.

सकाळी उजाडता उजाडता हापशापाशी सगळ्या गल्ल्यांतल्या बायका जमल्या होत्या. प्रत्येकीच्या कमरेला घागर. कुलपाकडे बघत उभ्या. तेवढ्यात सरपंचांच्या घरातून त्यांची बायको आली, काखेत हंडा आणि हातात किल्ली. कुणी काही विचारायच्या आत म्हणाली, "माझ्या घरात बी रांजण खडखडीतच हाय. त्यांची इज्जत प्यायची का म्या?" आणि तिनं कुलूप काढलं.

मग हापसा चालला. दोन दिवस राखूनही फार काही साचलेलं नव्हतं. थोड्या घागरी भरल्या, धार बारीक झाली, मग थेंब, मग नुसता खडखडाट. मावशीला एक घागर मिळाली होती. ती न थांबता घरी गेली, कारण बंब पेटवायचा होता. माझ्या आयुष्यात मी पाहिलेलं हे एकमेव खरं मूल्यमापन आणि ते करायला एकाही पदवीधराची गरज पडली नाही.

साहेब आले तेव्हा ऊन चढलं होतं. त्यांनी हँडल मारलं. हवा. पुन्हा मारलं. पुन्हा हवा. सरपंच मान खाली घालून म्हणाले, "साहेब, बायांनी उपसलं समदं."

"म्हणजे पाणी होतं," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, साहेब, हापसा लोकांनी पाणी भरायसाठीच असतो.

त्यांनी जे उत्तर दिलं ते मी पुढं कित्येकांना सांगितलं आणि कुणी विश्वास ठेवला नाही. ते म्हणाले, "भरावं ना. पण तपासणी होईपर्यंत तरी थांबायचं."

तरीही पुस्तिकेप्रमाणे निरीक्षण झालेलं होतं आणि निरीक्षक मी होते. हापसा चालू आहे काय, याच्यापुढचं साहेबांचं कालचं 'होय' खोडून मी 'नाही' लिहिलं आणि सही केली. परतीच्या वाटेवर साहेब चिंतेत होते. त्यांना हापशाची काळजी नव्हती. बिलोलीत लातूरकर आता आपले हापसे कसे तपासतील, ही होती.

टँकर सुरू झाला. दिवसाआड, दुपारी, शाळेच्या मागच्या चौकात. हे मला मावशीनं भाच्याकडून लिहून घेतलेल्या पत्रातून कळलं आणि त्या दिवशी मी कचेरीत सगळ्यांना पेढे दिले. कशाचे, ते सांगितलं नाही. नोकरीत असा आनंद मला त्याआधी झाला नव्हता.

पण अहवाल अजून पुरा व्हायचा होता. साहेबांना एका गावाचं 'नाही' सलत होतं. योजना यशस्वी, हे तर आधीच टंकलिखित झालेलं. मग त्या 'नाही'चं करायचं काय? त्यांनी तोड काढली. सदर गावात हापसा महिलांच्या अनियंत्रित उपशामुळे बंद आढळला, सबब महिलांना पाणीवापराचे प्रशिक्षण देण्यात यावे. वरच्यांना ही सूचना अतिशय आवडली. एरवी वर्षानुवर्षं न हलणारं सरकार यावेळी त्याच उन्हाळ्यात हललं. प्रशिक्षण मंजूर झालं आणि त्या प्रशिक्षणाचं मूल्यमापन करायला, गाव माहितीचं म्हणून, मलाच पाठवलं.

शाळेच्या त्या मंजूर झालेल्या खोलीत बायका बसवल्या होत्या. शहरातून आलेले एक गृहस्थ फळ्यावर ढग काढत होते. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात. बायका निमूट ऐकत होत्या. ढग काढून झाले, पाऊस काढायचा होता, एवढ्यात मागच्या चौकात टँकरचा हॉर्न वाजला. एका क्षणात खोली रिकामी झाली. गृहस्थांच्या हातात खडू तसाच राहिला. मावशी दारातून वळून मला म्हणाली, "बाई, तुमी का बसून राहिल्या? चला की, एक कळशी धरा." मी गेले. कळशी धरली.

प्रपत्रात प्रश्न होता, प्रशिक्षणानंतर महिलांच्या वर्तनात बदल झाला काय? मी लिहिलं, नाही. पाणी आलं की त्या आधीही धावत होत्या, आजही धावल्या. मला वाटलं, हे वाचून तरी कुणाला लाज वाटेल. वर लाजेचा विभागच नाही, हे मी विसरले. माझ्या शेऱ्यावरून हुकूम निघाला की टँकरमुळे प्रशिक्षणात व्यत्यय येत असल्याचे मूल्यमापनात दिसून आले आहे. सबब प्रशिक्षण पुन्हा घ्यावे आणि ते पूर्ण होईपर्यंत सदर गावाचा टँकर बंद ठेवावा.

तो हुकूम घेऊन मी साहेबांकडे गेले, त्यांच्या साहेबांकडे गेले, लातूरच्या कचेरीत जाऊन भांडले. सगळ्यांनी मला बसायला खुर्ची दिली. सगळ्यांनी सांगितलं की बाई, तुमच्याच अहवालावरून झालंय हे.

दुसऱ्या प्रशिक्षणाला एकही बाई उठून गेली नाही. धावत जायला टँकरच नव्हता. गृहस्थांनी ढग काढले, पाऊस काढला, नदी काढली. उपस्थिती पूर्ण, असं साहेबांनी स्वतः लिहून घेतलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मावशी पुढच्याच रांगेत होती, मांडीवर नातू. त्याच्या मानेच्या वळ्यांत घामोळं उठून लाल झालं होतं. फळ्यावरची नदी तिनं नीट बघून घेतली. मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, खरंच माहिती हवी असल्यासारखं तिनं विचारलं, "बाई, आज याला न्हाऊ कशानं घालायचं, ते बी शिकवतेत का?"